नारळाचं वर्ष

निवडणुकीच्या वर्षात आमदाराने विधानसभेला दांडी मारली तर चालतं, दहाव्याला मारून चालत नाही. हा नियम कुठल्याही पक्षाच्या घटनेत नाही. पण तो मोडून भोर-वेल्ह्यातून निवडून आलेला माणूस मला दाखवा.

एरवीच्या चार वर्षांत साहेब दहाव्याला कुणातरी कार्यकर्त्याला पाठवतात. पाचव्या वर्षी स्वतः येतात, वेळेआधी येतात आणि श्रद्धांजलीही स्वतः वाहतात. प्रतिस्पर्धीही आलेला असतो, त्यामुळे तोही वाहतो. मग जिल्हा परिषदेचा इच्छुक, पंचायत समितीचा माजी, बाजार समितीचा संचालक, दूध संघाचा होऊ घातलेला संचालक. पिंडाला शिवायला आलेला कावळा एवढी भाषणं ऐकून आंब्यावर बसून राहतो. गेलेल्या माणसाची इच्छा अपुरी राहिलेली नसते, वक्त्यांची राहिलेली असते.

दहाव्यानंतर एका वस्तीवर हायमास्टचं उद्घाटन, पुढे साखरपुडा, दुपारी एकाच मुहूर्तावरची तीन खोऱ्यांतली तीन लग्नं, संध्याकाळी सप्ताहात टाळ हातात घेऊन हरिपाठ आणि रात्री टेनिस बॉल क्रिकेटच्या ‘आमदार चषका’चं बक्षीस वितरण. बॅटिंगही करावी लागते. बॉलरला आधीच सांगून ठेवलेलं असतं.

आणि कायदे? कायदे करायलाच तर निवडून दिलेलं असतं ना?

२०२४ चं उदाहरण घ्या. त्या वर्षी लोकसभा आणि विधानसभा दोन्ही होत्या. अंतरिम अर्थसंकल्पाचं अधिवेशन २६ फेब्रुवारीला सुरू झालं आणि १ मार्चला संपलं. पावसाळी अधिवेशन २७ जूनला भरलं, १२ जुलैला गुंडाळलं. त्यातल्या दुसऱ्याच दिवशी, २८ जूनला, लाडकी बहीण योजना जाहीर झाली. महिना दीड हजार, थेट खात्यात. त्यानंतर उरलेल्या अधिवेशनात कुणी घाटरस्त्याचा तारांकित प्रश्न विचारला काय आणि लक्षवेधी लावली काय, लक्ष वेधून घेण्याचं काम सरकारने आधीच करून टाकलं होतं. डिसेंबरच्या नागपूरच्या थंडीपर्यंत तर नवी विधानसभा आली होती.

आता मतदारसंघ बघू. भोर, क्रमांक २०३. नावात तालुका एक, पोटात तीन: भोर, वेल्हे, मुळशी. २०११ च्या जनगणनेत भोर तालुका सुमारे १ लाख ८६ हजारांचा, मुळशी १ लाख ७१ हजारांचा आणि वेल्हे फक्त ५४ हजारांचा. त्यानंतर मुळशी फुगली. भूगाव, पिरंगुट, माण, हिंजवडी ही गावं आता कागदावरच गावं आहेत. एका टोकाला रायरेश्वराचं पठार, जिथे लोखंडी शिडी चढून घरी जावं लागतं. दुसऱ्या टोकाला हिंजवडीचे काचेचे मनोरे, जिथे लिफ्टने चौदाव्या मजल्यावर जाऊन माणूस खालच्या वाहतूक कोंडीबद्दल ट्वीट करतो. दोघांचा आमदार एकच.

भोर तालुक्यात बुरूडमाळला चाळीसेक मतदारांचं केंद्र आहे. निवडणूक यंत्रणा यंत्र घेऊन तिथवर पोचते, याचं कौतुक दर निवडणुकीला छापून येतं आणि ते खरंच आहे. पण हिंजवडीतल्या एका सोसायटीच्या लिफ्टमधून एवढे मतदार चार फेऱ्यांत खाली येतात. उमेदवाराच्या गाडीत डिझेल मोजकं असतं आणि दिवसाचे तास त्याहून मोजके. तो कुठे जाईल, हे सांगायला राज्यशास्त्राची पदवी नको.

तरीही तो बुरूडमाळच्या बाजूलाही जातो, हे मान्य करायला हवं. जातो आणि नारळ फोडतो.

नारळाचं अर्थशास्त्र मात्र जाणून घेण्यासारखं आहे. आमदाराचा स्वतःचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी. तीन तालुक्यांतल्या शेकडो गावं-वाड्यांत तो वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला एक कमान येईल, तीही रंग न दिलेली. म्हणून खरा खेळ असतो तो ‘पंचवीस-पंधरा’चा. ग्रामविकास खात्याचं २५१५ हे लेखाशीर्ष. अर्थखात्यातल्या कुणाला ते पाठ नसेल एखाद्वेळी, आपल्याकडे शेंबड्या पोराला आहे. “पंचवीस-पंधरातून दहा लाख टाकलेत बघा तुमच्या सभामंडपाला!” असं व्यासपीठावरून म्हटलं की समोरून टाळी येतेच. शिवाय डोंगरी विकासचा निधी असतो, जनसुविधा असते. त्यातून काँक्रीटचा रस्ता होतो दोनशे मीटर, स्मशानभूमीला शेड होते, शाळेपुढे पेव्हिंग ब्लॉक बसतात. ही कामं वाईट नाहीत. ज्या वाडीत पावसात प्रेताला ताडपत्री धरावी लागायची तिला शेडची किंमत विचारा. तक्रार एवढीच, की ही कामं फोटोच्या चौकटीत बसतात म्हणून होतात. चौकटीत न बसणारी होत नाहीत.

विरोधी बाकावरच्या आमदाराला तर चौकटही मिळत नाही. जून २०२२ मध्ये सरकार बदललं आणि आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या कामांना नव्या सरकारने स्थगिती दिली. नारळ फुटलेले, फलक लागलेले, आणि कामाचा पत्ता मंत्रालयात. लोकसभेच्या प्रचारात इंदापूरला अजित पवारांनी हिशेब सरळ मांडला होता: निधी हवा तेवढा देऊ, पण यंत्राची बटणं कचाकचा दाबा. यावर मोठा गहजब झाला. मला मात्र त्यातला प्रामाणिकपणा आवडला. बाकीचे तेच करतात आणि त्याला सर्वांगीण विकास म्हणतात.

फुकटातला विकासही असतो, तो नावाचा. १३ मार्च २०२४ ला राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं. मागणी जुनी होती, ग्रामपंचायतींचे ठराव होते आणि शिवरायांची राजधानी पाव शतक ज्या किल्ल्यावर होती त्याचं नाव तालुक्याला मिळालं याचा आनंद इथल्या कुणालाही होईल, मलाही झाला. फक्त कॅलेंडर बघा. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. मध्ये दोन दिवस. ज्या सरकारला वरंधा घाटातला रस्ता बारमाही करायला इतकी वर्षं अपुरी पडली, त्याला एवढ्या शेवटच्या क्षणी गाडी पकडता आली, म्हणजे चपळाई नाही असं कोण म्हणेल? लोक अजून ‘वेल्ह्याला जाऊन येतो’ असंच म्हणतात, तो भाग वेगळा.

आता पाणी. इथे जरा थांबतो, कारण नेते इथे थांबत नाहीत.

भाटघर धरण १९२८ चं, येळवंडी नदीवरचं, साहेबाच्या राज्यात लॉईड धरण म्हणत. साडेतेवीस टीएमसी. नीरा देवघर, पावणेबारा. वेल्ह्याच्या अंगणात पानशेत साडेदहाच्या वर, वरसगाव पावणेतेराच्या आसपास. धानेपला गुंजवणी, ३.६९. मुळशीचं टाटांचं धरण मी यात धरलेलंच नाही, ते तर सेनापती बापटांच्या सत्याग्रहापासून, म्हणजे १९२१ पासून आपल्याशी उभा दावा मांडून बसलंय. तेवढं सोडून बेरीज साठ टीएमसीच्या वर जाते. एवढं पाणी उशाला घेऊन झोपणाऱ्या दोन तालुक्यांत, एप्रिल उजाडला की वरच्या वाड्यांना टँकर लागतो. टँकरचंही उद्घाटन करतात का, हे मी अजून तपासलेलं नाही. निवडणुकीचं वर्ष असेल तर करत असावेत.

यातलं गुंजवणीचं प्रकरण मुळातून वाचण्यासारखं आहे. धरण वेल्ह्यात. जमिनी बुडाल्या वेल्ह्यातल्या. आराखड्यात सिंचन २१,३९२ हेक्टरचं. त्यात पुरंदर ११,१०७, भोर ९,४३५ आणि वेल्हे ८५०. हो, आठशे पन्नास. शून्य छपाईत गळालेलं नाही. डोंगराळ तालुका, लाभक्षेत्र कमीच असणार, पाणी उताराने जातं, हे सगळं इंजिनिअर समजावून सांगतात आणि ते तांत्रिकदृष्ट्या बरोबरही असेल. पण बंद पाईपलाईनने पुरंदरला पाणी चढवता येतं, तर धरणाच्या भिंतीलगतच्या गावाला ते उपसून देता येत नाही, हे कुठलं शास्त्र? वेल्हेकरांनी पाईपलाईनचं काम अडवलं तेव्हा त्यांना विकासाचे विरोधक म्हटलं गेलं.

आमदार यावर काय करतो? सभेत आवाज चढवतो. पाणी कुणाच्या हाती ते बघितलं की त्याचा चढलेला आवाज केविलवाणा वाटायला लागतो. धरण कृष्णा खोरे विकास महामंडळाचं. आवर्तन कालवा सल्लागार समितीत ठरणार, तिचा अध्यक्ष पालकमंत्री. त्या बैठकीत खडकवासला साखळीच्या पाण्यावर डोळा लावून बसलेले एकट्या पुणे शहराचे आठ आमदार, शिवाय दौंड आणि इंदापूर. नीरेच्या पाण्यावर बारामती, इंदापूर, पुरंदर आणि पार फलटण, माळशिरस, पंढरपूरपर्यंतचे दावेदार. वरच्या अंगाला एक आमदार, खालच्या अंगाला डझनभर. त्यात भोर येतं बारामती लोकसभेत. म्हणजे ज्यांच्या दारात पाण्यासाठी भांडायला जायचं, तेच प्रचाराला येतात, व्यासपीठाच्या मधोमध बसतात आणि आमच्या आमदाराच्या पाठीवर हात ठेवतात. पाठीवर हात असताना ओरडता येत नाही.

संग्राम थोपट्यांना विचारा. २००९, २०१४, २०१९ असे सलग तीनदा काँग्रेसचे आमदार. वडील अनंतराव भोरचे अनेक वर्षांचे आमदार, मंत्री. १९९९ ला शरद पवारांची नवी राष्ट्रवादी आली आणि तिच्या काशिनाथ खुटवडांनी अनंतरावांना पाडलं. ती सल पंचवीस वर्षं जपली गेली. २०१९ च्या अखेरीला संग्रामरावांना मंत्रिपद मिळालं नाही म्हणून समर्थकांनी पुण्याच्या काँग्रेस भवनात तोडफोड केली. पुढे विधानसभा अध्यक्षपदासाठी नाव चर्चेत आलं आणि चर्चेतच राहिलं. मग मार्च २०२४ मध्ये शरद पवार संगमनेरवाडीला अनंतरावांच्या घरी आले, चहा झाला, सल निघाली. पवारांच्या घरातली सून विरुद्ध लेक अशा लोकसभेच्या त्या लढतीत ७ मेला भोरने सुप्रिया सुळेंना चाळीस हजारांवर मताधिक्य दिलं. सुळे एकूण १ लाख ५८ हजारांनी आल्या, त्यातला चौथा हिस्सा या डोंगरातला.

एखादा म्हणेल, चला, आमदारकी पक्की. आमदारकीचं गणित असं चालत नाही.

निगड्याचा राजगड सहकारी साखर कारखाना हा थोपट्यांचा जीव आणि त्याच्या तिजोरीत खडखडाट. राज्याच्या हमीवर कर्ज मिळणाऱ्या कारखान्यांच्या यादीत राजगड होता, ८० कोटींचा आकडाही ठरला होता. लोकसभेचा निकाल लागला आणि नाव यादीतून गळालं. योगायोग बघा कसे असतात. इकडे ऊस उत्पादक पैशांची वाट बघतोय, कामगार पगाराची, आणि आमदार रोज कुठल्यातरी मंडळाच्या आरतीला उभा आहे. २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला. अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे शंकर मांडेकर १ लाख २६ हजार ४५५ मतं घेऊन आले, थोपटे १ लाख ६ हजार ८१७ वर थांबले. फरक १९,६३८. सहा महिन्यांत चाळीस हजारांचं मताधिक्य गेलं आणि वर वीस हजारांचा खड्डा पडला. लाडक्या बहिणी होत्या, मुळशीला आपला आमदार हवा होता, तीन टर्मची नाराजी होती. विश्लेषक प्रत्येक कारणाला टक्केवारी लावतात. मी लावत नाही; दहा माणसांना विचारलं की अकरा कारणं मिळतात.

एप्रिल २०२५ मध्ये थोपटे भाजपमध्ये गेले. त्याच वर्षी राजगड कारखान्यासाठी चारशे कोटींच्या वरचं कर्ज मंजूर झालं. कारखाना तोच, गाळप तेच, ताळेबंदही तोच. बदलला फक्त गळ्यातला गमछा. सहकार खात्याने पतमापनाची नवी पद्धत शोधली असेल तर रिझर्व्ह बँकेला एक प्रत धाडावी.

बँकेवरून आठवलं. लोकसभेच्या मतदानाच्या आदल्या रात्री जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची वेल्ह्याची शाखा मध्यरात्री उलटली तरी उघडी असल्याची तक्रार झाली, चित्रफीत फिरली आणि शाखा व्यवस्थापकावर गुन्हा दाखल झाला. खटल्याचं काय व्हायचं ते न्यायालयात होईल. मला कौतुक वाटलं ते सेवेचं. एरवी पीककर्जाच्या नूतनीकरणासाठी गेलेल्या शेतकऱ्याला जेवणाची सुट्टी झालीय म्हणून बाकड्यावर बसवतात त्या तालुक्यात, निवडणूक आली की बँकेला झोप लागत नाही.

तर आमदाराच्या अडचणी अशा. सत्तेत असावं तर पाण्यावर बोलता येत नाही, विरोधात असावं तर निधी येत नाही. भोरकडे लक्ष द्यावं तर मुळशी रुसते, मुळशीत फिरावं तर भोरवाले म्हणतात आता हा हिंजवडीचा झाला. वेल्हेकर रुसलेलेच असतात, पण ५४ हजारांच्या रुसव्याला कोण विचारतो!

आता आपल्याकडे वळू, म्हणजे तुमच्या-माझ्याकडे. आमदार फक्त हायमास्ट, सभामंडप आणि दहावे करतो, कारण आपण त्याला तेवढंच विचारतो. “आमच्या वस्तीला काय दिलंत?” हा प्रश्न प्रत्येक ओट्यावर विचारला जातो. वरंधा घाट कुणाच्याच वस्तीत येत नाही. पावसाळा आला की जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, भोर-महाड रस्ता बंद होतो, कोकणातला पाहुणा ताम्हिणीने वळसा घालून येतो आणि आपण त्याला वरून विचारतो, का रे उशीर झाला? उत्रौलीची एमआयडीसी कितीतरी निवडणुकांपासून जाहीरनाम्यात आहे. भोरची पोरं रोज सकाळी कंपनीची बस धरून नीरा ओलांडतात आणि सातारा जिल्ह्यातल्या शिरवळला कामाला जातात. संध्याकाळी परत येऊन आमदार चषकात फिल्डिंग करतात. टी-शर्ट मिळालेला असतो, पाठीवर साहेबांचा फोटो असतो. बायोडेटा मात्र शिरवळच्या कंत्राटदाराकडे.

मुंबई-पुण्यातल्या आपल्या लोकांचं तर विचारूच नका. मतदानाला यायला गाडी पाठवली का, जेवणाची सोय आहे का, परतीची गाडी कितीला, एवढं विचारून मंडळी येतात. गावचा दाखला, गावची जत्रा, गावचं मत. धनकवडीत किंवा घाटकोपरला त्यांच्या नळाला जे पाणी येतं त्याची चौकशी ते तिथल्या नगरसेवकाकडे करतात. गावातल्या आईच्या हंड्याची चौकशी कुणाकडे करायची, हे त्यांना ठाऊक नसतं असं नाही. बस सुटायची वेळ झालेली असते.

आणि आता तर विचारायला विरोधी पक्षही उरला नाही. जिंकलेले मांडेकर महायुतीत, हरलेले थोपटे महायुतीत. एकाचा पक्ष सत्तेत, दुसऱ्याचा त्याहून मोठ्या प्रमाणात सत्तेत. निधीसाठी आता दोघेही भांडतील, श्रेयासाठी तर भांडतीलच. एकाच कामाचे दोन नारळ फुटतील, एकाच रस्त्याला दोन फलक लागतील. गुंजवणीवर मात्र दोघांपैकी एकानेही आपल्या सरकारला अडवायचं म्हटलं, तर त्याला आधी आपल्याच नेत्याचा फोन घ्यावा लागेल.

म्हणून एक विनंती. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ग्रामसभेच्या या चार तारखा ठरलेल्या आहेत आणि बहुतेक गावांत त्या दिवशी झेंड्याला नाहीतर लाडू खायला गर्दी होते, सभेला होत नाही. या वेळी थांबा. वेल्ह्यातल्या गावांनी ठराव मांडा: आराखड्यातल्या ८५० हेक्टरांपैकी आजवर किती भिजले, गावनिहाय, लेखी. भोरच्या गावांनी ९,४३५ चा हिशेब मागा. ठरावाची प्रत आमदारांना द्या, माजी आमदारांना द्या, खासदारांना द्या आणि पोच घ्या. पुढची विधानसभा २०२९ मध्ये आहे. उत्तर द्यायला त्यांना भरपूर वेळ आहे.